भूरसायनशास्त्राचा मायनर: गोव्यातल्या महाविद्यालयात तो कसा उभा करावा

गोव्यात विज्ञान शाखा असलेल्या जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयात रसायनशास्त्र आहे. भूशास्त्राचे विभाग मात्र मोजके, उदाहरणार्थ मडगावला चौगुले महाविद्यालय, मिरामारला धेंपे, आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी ताळगाव पठारावरचे गोवा विद्यापीठ. या दोन विषयांमधल्या मोकळ्या जागेत गोव्याचे कितीतरी प्रश्न पडून आहेत. विहिरीच्या पाण्याला लोहाची चव का येते? खाणीच्या डंपावरची, म्हणजे टाकाऊ ढिगावरची, माती पावसात नदीला मिळाली की तिच्यातल्या मँगनीजचे पुढे काय होते? खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीचा, बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले तर जमीन कशाने नासते आणि कशाने सुधारते? रसायनाच्या विद्यार्थ्याला जमीन वाचायला कुणी शिकवलेले नसते. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेतून आलेला आकडा कितपत विश्वासाचा, हे तपासता येत नाही. या दोघांना पदवीच्या काळातच एकत्र आणण्याची सोय आता नियमांत आहे: भूरसायनशास्त्राचा, म्हणजे खडक, माती आणि पाणी यांच्या रसायनाचा, मायनर. मायनर म्हणजे मेजरसोबत, म्हणजे मुख्य विषयासोबत, घ्यायचा दुय्यम विषय. ती प्रत्यक्षात कशी उतरवावी ते क्रमाने मांडतो.

आधी नियमांची चौकट

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीसाठी नवी अभ्यासक्रम व क्रेडिट चौकट जाहीर केली आणि गोव्यात २०२३-२४ पासून महाविद्यालयांत तिची अंमलबजावणी सुरू झाली. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. त्यात मायनरसाठी किमान २४, आणि चौथे वर्ष करणाऱ्याला ३२. सत्राला चार क्रेडिटचा एक पेपर धरला तर सहा सत्रांत २४ आणि आठ सत्रांत ३२ होतात, त्यामुळे आखणी सोपी जाते. पहिल्या वर्षाचे पेपर १०० च्या पातळीचे, दुसऱ्याचे २०० च्या, तिसऱ्याचे ३०० च्या.

तासांचा हिशेब सुरुवातीलाच करून टाका. व्याख्यानाचे एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास, प्रात्यक्षिकाचे किंवा क्षेत्रकामाचे एक क्रेडिट म्हणजे ३० तास. तीन क्रेडिट व्याख्यान आणि एक प्रात्यक्षिक असा पेपर ७५ तासांचा होतो, दोन-दोन केला तर ९० तासांचा. माझे मत स्पष्ट आहे: या विषयात किमान तीन पेपर दोन-दोनचे ठेवा. हा विषय हाताने शिकायचा आहे.

आयोगाच्या चौकटीतली एक तरतूद बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. मायनरच्या क्रेडिटपैकी निम्मी संबंधित विषयातली असावी लागतात, उरलेली निम्मी विद्यार्थ्याला इतर विषयांतूनही मिळवता येतात. म्हणजे मनुष्यबळ अगदीच कमी असेल तर भूरसायनाचे तीन भक्कम पेपर काढून बाकीचे सांख्यिकी, पर्यावरणशास्त्र किंवा जीआयएसच्या (संगणकी नकाशांच्या) चालू पेपरांतून घेता येतील. विद्यापीठाने आपल्या ऑर्डिनन्समध्ये ही मोकळीक किती ठेवली आहे, हे प्रस्ताव लिहिण्याआधी पाहून घ्या. स्वयम् या सरकारी ऑनलाइन मंचावरचे पेपर सत्रातल्या एकूण पेपरांच्या ४० टक्क्यांपर्यंत चालतात. व्याख्यानाच्या एखाद्या पेपरासाठी त्यांचा आधार घ्यायला हरकत नाही, प्रात्यक्षिकाच्या जागी मात्र ते ठेवू नका.

दोन विभागांचा लेखी करार

मायनर बंद पडतो तो बहुतेक वेळा कामाच्या तासांच्या वाटणीवरून. रसायन विभाग म्हणतो, हा भूशास्त्राचा विषय आहे. भूशास्त्र म्हणते, प्रयोगशाळा तुमची आहे. मग दुसऱ्या वर्षी पेपर कुणीच घेत नाही आणि विद्यार्थी मधेच लटकतो. म्हणून अभ्यासक्रमाचा एक शब्दही लिहिण्याआधी दोन्ही विभागप्रमुखांनी प्राचार्यांसमोर बसून चार गोष्टी कागदावर आणाव्यात. कुठल्या पेपराची जबाबदारी कुठल्या विभागाची, आणि दोघांनी मिळून शिकवलेल्या पेपरचे तास कार्यभारात कसे मोजायचे. रसायने व काचसामान कुणाच्या खात्यातून यायचे. प्रयोगशाळा सहायक कोणाचा. आणि परीक्षेचे काम कोण करणार.

आपल्याकडे बरेच पेपर लेक्चर बेसिसवरच्या शिक्षकांवर चालतात. त्यांच्यात उत्तम माणसे आहेत, पण त्यांची नेमणूक वर्षापुरती असते. किमान दोन पेपर कायम शिक्षकांकडे राहतील याची तजवीज करा, म्हणजे कुणी गेले तरी प्रयोगशाळेतली शिस्त आणि नमुन्यांच्या नोंदी टिकतील.

महाविद्यालयात भूशास्त्रच नसेल तर? शेजारच्या महाविद्यालयाशी करार करून त्यांचा शिक्षक किंवा आपला विद्यार्थी हलवता येतो. अशा वेळी मायनरचे सगळे तास आठवड्यातल्या एकाच दिवसावर घ्या. म्हापशाचा मुलगा कदंबाच्या बसने मडगावला आठवड्यातून एकदा जाईल, तीनदा जाणार नाही.

शेवटापासून उलटे आखा

पेपरांची नावे ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारा: सहाव्या सत्राच्या शेवटी या विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे? माझे उत्तर असे. त्याने एखाद्या झऱ्याचे पाणी किंवा खडकाचा तुकडा स्वतः आणावा, त्याचे विश्लेषण करावे, आणि आलेल्या प्रत्येक आकड्याबद्दल तो का मानावा हे सांगता यावे. नमुना कसा घेतला, कोरा नमुना (त्याच सगळ्या क्रिया केलेले शुद्ध पाणी) सोबत होता का, दुहेरी मोजणीत किती फरक पडला, प्रमाणित संदर्भ पदार्थावर (ज्यातली प्रमाणे आधीच ठाऊक असतात) आपली पद्धत किती अचूक ठरली. एवढे ज्याला जमते तो पुढे कुठल्याही प्रयोगशाळेत उभा राहू शकतो. भूरसायनाचा पाया घालणाऱ्या गोल्डश्मिटने मूलद्रव्यांची लोहप्रेमी, गंधकप्रेमी, शिलाप्रेमी आणि वायुप्रेमी अशी विभागणी का केली, हेही त्याला कळले पाहिजे. पण ते आकड्यांशी झगडताना जास्त चांगले कळते.

सहा पेपर, गोव्याच्या जमिनीवर

पहिला पेपर ओळखीचा: मूलद्रव्यांची उत्पत्ती, पृथ्वीचे थर, खडकांची रासायनिक जडणघडण, जल व कार्बन चक्र. इथे गणित हलके ठेवा.

दुसरा पेपर सेतूचा, आणि तो दोन आवृत्त्यांत काढा. मेजर रसायन असणाऱ्यांना खनिजे व खडक शिकवायचे, मेजर भूशास्त्र असणाऱ्यांना समतोल, विद्राव्यता, ऑक्सिडीकरण-क्षपण आणि उष्मागतिकी. ही विभागणी केली नाही तर भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार दुसऱ्यांदा शिकावे लागते. शिवाय मेजरमध्ये झालेला अभ्यास मायनरमध्ये पुन्हा क्रेडिटसाठी मोजला गेला तर अभ्यास मंडळ आक्षेप घेते, आणि तो योग्यच असतो.

तिसरा पेपर पाण्याचा. सगळ्यात जास्त कष्ट याच्यावर घ्या, कारण तो स्वस्तात उत्तम होऊ शकतो. कॅल्शियम व मॅग्नेशियम ईडीटीएने, क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटने, बायकार्बोनेट आम्लाच्या अनुमापनाने, सोडियम-पोटॅशियम फ्लेम फोटोमीटरवर, सल्फेट आणि नायट्रेट स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, लोह ऑर्थोफेनान्थ्रोलिनने. बीएस्सीच्या साध्या प्रयोगशाळेत हे सगळे आजही होते. नवे आहे ते त्या आकड्यांना एकमेकांसमोर उभे करणे. धनभारांची बेरीज ऋणभारांच्या बेरजेशी जुळली पाहिजे, साधारणपणे ५ टक्क्यांच्या आत. न जुळल्यास कुठे चुकले ते विद्यार्थ्याने शोधायचे. जांभ्यातून येणारे झऱ्याचे पाणी फार विरळ आणि बहुधा किंचित आम्लधर्मी असते. त्यात क्षार इतके थोडे की मोजणीतली लहानशी चूकही ताळेबंद बिघडवते. अशा पाण्यासाठी १० टक्क्यांपर्यंत सूट द्या, आणि ती का दिली हे वर्गात सांगा. केसरव्हाळच्या झऱ्याचे पाणी आणि किनाऱ्यालगतच्या एखाद्या विहिरीचे पाणी शेजारी ठेवले तर धडा आपोआप उभा राहतो.

याच पेपरात मांडवी किंवा जुवारीच्या मुखाकडून आत जाताना खारेपणा घटत जातो, तिथले ठिकठिकाणचे पाणी घ्या. खारेपणाविरुद्ध क्लोराइड मांडले की सरळ रेषा येते. विरघळलेले लोह मांडले तर बिंदू रेषेखाली घसरतात, कारण गोड्या पाण्यातले लोहाचे अतिसूक्ष्म कण खारे पाणी लागताच एकत्र येऊन तळाशी बसतात. पावसाळ्यात मांडवी मुखापर्यंत जवळजवळ गोडी होते आणि उन्हाळ्यात खारे पाणी कित्येक किलोमीटर आत चढते. त्यामुळे एकाच ठिकाणी दोन ऋतूंत दोन वेगळी रसायने सापडतात.

मिठागरेही इथेच येतात. समुद्राचे पाणी आटत आटत मूळच्या साधारण पाचव्या हिश्शावर आले की जिप्सम बसू लागते, दहाव्या हिश्शाच्या आसपास मीठ. कॅल्साइट त्या दोघांच्याही आधी. आगरवाड्याच्या किंवा हडफड्याच्या मिठागरात वेगवेगळ्या वाफ्यांतले पाणी तपासले तर हा क्रम मुले स्वतः काढतात. मीठ पिकवणाऱ्याला कुठल्या वाफ्यातले पाणी कुठे आणि कधी न्यायचे हे पक्के ठाऊक असते. त्याच्याकडून आधी ऐका, मग मोजा.

चौथा पेपर विश्लेषणतंत्राचा: नमुना दळणे, चतुर्थांश करून कमी करणे, विरघळवणे, एएएस, आयसीपी, एक्सआरएफ (मूलद्रव्ये मोजणारी) आणि एक्सआरडी (खनिजे ओळखणारे) या उपकरणांची तत्त्वे, आणि भरपूर सांख्यिकी.

पाचवा पेपर अपक्षय, धातुके आणि खाणींचा. गोव्याला याच्याइतका जवळचा पेपर दुसरा नाही. चिरेखाणीची उभी भिंत म्हणजे तयार छेद: वर कडक जांभा, खाली ठिपकेदार थर, त्याखाली फिकट चिकणमाती आणि तळाशी कुजलेला मूळ खडक. चार थरांचे चार नमुने घेतले की सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पुढे सिलिका कशी वाहून जाते, लोह आणि ॲल्युमिनियम कसे मागे राहतात, ते आकड्यांत दिसते. नेस्बिट आणि यंग यांनी १९८२ मध्ये मांडलेला रासायनिक अपक्षय निर्देशांक, म्हणजे खडक किती कुजला ते सांगणारा आकडा, इथे शिकवा. ताज्या ग्रॅनाइटला तो ५० च्या आसपास येतो, केओलिनाइट या चिकणमातीच्या खनिजाला १००. पण जांभ्याच्या वरच्या भागात तो १०० ला टेकून बसतो आणि पुढे काहीच सांगत नाही. तिथे सिलिका, ॲल्युमिना आणि लोह यांचा त्रिकोणी आलेख लागतो. हे तयार पाठ्यक्रमांतून उचलून येत नाही, आपल्या जमिनीवर काम केले तरच कळते.

खाणींच्या भागात परदेशी अभ्यासक्रम बहुतेक आम्लनिचऱ्यावर, म्हणजे गंधकयुक्त खनिजांतून झिरपणाऱ्या आम्ल पाण्यावर, भर देतात. गोव्याचे लोहखनिज प्रामुख्याने हेमेटाइट, म्हणजे ऑक्साइड आहे. सल्फाइड खाणींतला आम्लनिचरा हा इथला मुख्य प्रश्न नाही. इथला प्रश्न पावसात वाहणारा बारीक गाळ, त्यासोबत जाणारे लोह-मँगनीज, आणि खाणीने भूजलाची पातळी खाली खेचल्यावर आटलेले झरे यांचा आहे. मँगनीज ऑक्सिजन असलेल्या पाण्यात घनरूपात राहते आणि धरणाच्या तळाशी ऑक्सिजन संपला की विरघळून वर येते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ०.३. सांगे-केपे भागातल्या विद्यार्थ्याला हे आकडे माहीत असलेच पाहिजेत. २०१२ मध्ये थांबलेल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद झालेल्या खाणींवर घरोघरी वाद झाले. वर्गात त्या वादाला मोजमापाची बैठक द्या, बाजू घेऊ नका.

खाजनाचा एक छोटा प्रयोग याच पेपरात बसतो. खारफुटीच्या गाळात हवा नसताना पायराइट हे लोह-गंधकाचे खनिज तयार होऊ शकते. तो गाळ सुकून त्याला हवा लागली की आम्ल सुटते. केरळच्या कुट्टनाडातली आम्ल-सल्फेट जमीन अशीच बनली आहे. खाजनातला ताजा गाळ आणा, पीएच मोजा, ओलसर ठेवून हवेत उघडा ठेवा आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजा. पीएच मीटरपलीकडे काही लागत नाही.

सहाव्या पेपरात समस्थानिके आणि भूकालमापन (खडकांची वये काढणे) थोडक्यात घ्या, बाकी सगळा वेळ प्रकल्पाला द्या. चंद्रनाथ पर्वताचा आर्कियन, म्हणजे अतिप्राचीन काळातला, ग्रॅनाइट आणि सत्तरीच्या ईशान्य टोकाचा दख्खन बेसॉल्ट यांच्या वयांत अडीच अब्ज वर्षांच्या आसपास अंतर आहे. भूकालमापन समजावायला याहून चांगली जोडी शोधायला नको. चौथ्या वर्षाचे दोन पेपर सागरी भूरसायन आणि संगणकी प्रतिरूपण असे ठेवता येतील. पाण्याच्या रसायनासाठीचे अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फ्रीक्यूसी आणि खडकांच्या रसायनासाठीचे जीसीडीकिट ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत.

प्रयोगशाळा: काय घ्यायचे, काय टाळायचे

मोठ्या उपकरणाचा प्रस्ताव पहिल्या वर्षी पाठवू नका. ते येईपर्यंत तुकडी निघून जाते, आणि आल्यावर त्याला लागणारा आर्गॉन वायू व देखभाल यांचा खर्च कुणाच्याच डोक्यात नसतो. आधी घ्या: चांगले पीएच व वाहकता मीटर, ०.४५ मायक्रॉनचे फिल्टर, अतिशुद्ध पाण्याची सोय, मफल भट्टी, अगेट खल, अचूक तराजू, आणि दोन-तीन प्रमाणित संदर्भ पदार्थ. बेसॉल्टसाठी बीएचव्हीओ-२ सर्वत्र वापरला जातो. संदर्भ पदार्थ महाग वाटतात, पण त्यांच्याशिवाय निघालेला आकडा ताडून पाहायला काहीच उरत नाही.

हायड्रोफ्लुओरिक आम्लाबद्दल मी ठाम आहे: पदवीच्या प्रयोगशाळेत ते आणू नका. सिलिकेट खडक विरघळवायला ते लागते खरे, पण ते कातडीतून आत शिरून रक्तातले कॅल्शियम खेचते, आणि थोड्या प्रमाणातला संपर्कही जिवावर बेतू शकतो. त्याऐवजी लिथियम बोरेटसोबत वितळवण्याची पद्धत शिकवा किंवा एक्सआरएफसाठी दाबलेल्या गोळ्या करून बाहेर पाठवा.

बाहेर म्हणजे कुठे? दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून उभी आहे, वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे, ताळगावला विद्यापीठाचे भू, सागर व वातावरण विज्ञानाचे विद्यालय आहे. इतक्या लहान राज्यात एवढी जाणकार माणसे इतक्या जवळ असणे हे भाग्य आहे. सामंजस्य करारात नमुने कोण तयार करणार, दर किती, निकाल किती दिवसांत आणि माहितीवर हक्क कुणाचा, हे लिहून घ्या. वर्षातून एकदाच, सगळ्या तुकडीचे नमुने एकत्र, कोऱ्या व संदर्भ नमुन्यांसह पाठवा. वैज्ञानिकांना व्याख्यानाला बोलावण्यापेक्षा प्रकल्पाचे बाह्य परीक्षक करा. मुले त्यांच्यासमोर आपला आकडा मांडताना जास्त शिकतात.

क्षेत्रकामाचे वेळापत्रक आणि परवानग्या

पहिले सत्र पावसाळ्यात सुरू होते. झरे, नद्या आणि गाळ यांचे नमुने जुलै-ऑगस्टमध्ये, चवथीच्या सुट्टीआधी उरका. खडक आणि चिरेखाणी डिसेंबरनंतर, मिठागरे मार्च-एप्रिलमध्ये. उन्हाळ्यातले पाणी मे महिन्यात हवे असते आणि तेव्हा मुले परीक्षा किंवा सुट्टीत असतात. ते इंटर्नशिपच्या क्रेडिटमध्ये बसवा.

खाणपट्ट्यात लीजधारकाच्या लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, भगवान महावीर ही अभयारण्ये आहेत, तिथे वन खात्याची परवानगी लागते आणि खडक उचलायचा तर अर्जात तसे नमूद करावे लागते. खाजनात शेतकऱ्यांच्या संघटनेला आणि कोमुनिदाद (गावाची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था) हिच्या जमिनीवर कोमुनिदादला विचारा. पाण्याने भरलेल्या सोडलेल्या खाणींच्या काठावर विद्यार्थ्यांना कधीच नेऊ नका, कडा ढासळतात.

पाण्याचा नमुना घेताना तीन गोष्टी लांबणीवर टाकू नका, पहिल्या दोन तर जागेवरच करा: तापमान, पीएच आणि वाहकता मोजणे, धातूंसाठीची बाटली गाळून नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली नेणे, आणि क्षारता त्याच दिवशी अनुमापणे. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की पीएच बदलतो आणि मग त्या मोजणीतून काढलेले सगळे निष्कर्ष चुकतात.

कागदपत्रांचा प्रवास

संलग्न महाविद्यालयाचा प्रस्ताव विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे जातो, तिथून अकॅडेमिक कौन्सिलकडे. स्वायत्त महाविद्यालयाला स्वतःचे अभ्यास मंडळ व कौन्सिल असते, त्यामुळे वेळ वाचतो. जूनमध्ये मायनर सुरू करायचा तर आदल्या जूनपासून कामाला लागा. प्रस्तावात अभ्यासक्रमासोबत शिक्षकांची नावनिशी व पात्रता, प्रात्यक्षिकांची यादी, उपलब्ध उपकरणे, दोन विभागांचा करार, आणि विद्यार्थ्याने मधेच सोडल्यास क्रेडिटचे काय होईल हे जोडा. भूरसायन हा विषय कुठल्या अभ्यास मंडळाच्या अखत्यारीत, यावर गाडी अडू शकते. दोन्ही मंडळांच्या अध्यक्षांना आधी भेटून संयुक्त बैठकीची विनंती करा.

विद्यार्थी, परीक्षा, पुढची वाट

पहिली तुकडी प्रयोगशाळेतल्या जागांएवढीच घ्या. परीक्षेत प्रात्यक्षिकाला किमान निम्मे गुण द्या, आणि प्रात्यक्षिकात अनोळखी नमुना द्या. ठरलेले उत्तर पाठ करून हा विषय पार करता येऊ नये.

प्रवेशाच्या वेळी पालक नोकरीचे विचारतातच. खरे ते सांगा: मायनर एकट्याने नोकरी देत नाही. पण पदव्युत्तर शिक्षणाला तो मोठा आधार आहे. एमएस्सी प्रवेशासाठीच्या आयआयटीच्या जॅम परीक्षेत रसायन आणि भूशास्त्र दोन्ही पेपर असतात, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी संघ लोकसेवा आयोग जी परीक्षा घेतो तिच्यात भूशास्त्रज्ञांसोबत रसायनज्ञांचीही पदे असतात. पाणी व माती तपासणाऱ्या प्रयोगशाळा, प्रदूषण नियंत्रण मंडळ, पर्यावरण सल्लागार, सिमेंट आणि खनिज कंपन्या यांना नमुन्यापासून अहवालापर्यंत काम करू शकणारा माणूस हवा असतो.

पहिल्या वर्षापासून एक गोष्ट सुरू करा: नमुन्यांची कायमची नोंदवही. ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, तारीख, कोणी घेतला, कशी मोजणी केली, कोऱ्या नमुन्याचा आकडा काय आला. दहा तुकड्या झाल्या की त्याच झऱ्यांची दहा वर्षांची मालिका हातात येते. गावातल्या विहिरीचे निकाल गावाला देताना मात्र जपून. विद्यार्थ्याचे विश्लेषण शिकण्यासाठी असते. मर्यादेपेक्षा जास्त काही आढळले तर नमुना पुन्हा घ्या, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या, आणि मग पंचायतीला विभागाच्या पत्रावर, शिक्षकाच्या सहीने कळवा.